अमेरिकेचा सूर्य एकाच बाजूनं तापतो

परसराम अमेरिका पाहून परत आला त्याला दोन वर्षं होत आली, तरी आसगावात अमेरिका अजून शिळी झाली नव्हती. चहाच्या टपरीवर कुणी नुसतं "फ्लोरिडा" म्हटलं की बाक भरायचे. एकदा पवनीकडे जाणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरनं गोष्ट अर्धी ऐकली, गाडी तशीच उभी ठेवली आणि पूर्ण ऐकूनच निघाला. गाडीतल्या चाळीस माणसांपैकी एकानंही कुरकुर केली नाही, कारण चाळीसही जण खिडकीबाहेर कान काढून बसले होते. असं म्हणतात. म्हणणारा एकटा मीच असेन, पण म्हणून एसटी काही खोटी ठरत नाही.

सगळ्यांची लाडकी गोष्ट खेळांच्या बागेची. "बाग म्हणजे झाडाची नाही बापा, खेळाची," परसराम सुरुवात करायचा. "तिथी एक पाळणा आहे. आपल्या मंडईच्या जत्रेतला पाळणा म्हणजे त्याच्या बोटातलं जोडवं. वर गेला अन् थांबला. खाली पायतो तं काय, आपला तलाव! काठचा वड! अन् घनश्यामची म्हैस आनंदरावच्या उन्हाळी धानात!"

घनश्याम पहिल्यांदा हे ऐकून चिडला होता. मग त्यानं तारीख विचारली, बोटं मोजली आणि हळूच म्हणाला, "हाव गा. त्याच दिवशी घुसली होती." त्यानंतर शंका काढायची कुणाची छाती होणार?

त्या जानेवारीतल्या मंगळवारी मात्र परसरामाला कंठ फुटत नव्हता. आंगणात ऊन भरलेलं, मधोमध पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांचा ढीग आणि भोवती सगळं घर, शिवाय घनश्याम, दाणे सोलत बसलेलं. परवा नागपूरहून विमान होतं. मुलगा अनुप आणि सून तृप्ती वीस दिवसांची सुट्टी संपवून अमेरिकेला परत निघाले होते आणि या खेपेला परसरामाची बायको वच्छला त्यांच्यासोबत जाणार होती. मागच्या वेळी मुंबईतल्या व्हिसाच्या काचेपलीकडच्या साहेबानं तिला का "नाही" म्हटलं आणि परसरामाला का "हो" म्हटलं, हे त्या साहेबालाच ठाऊक. यंदा तिच्या पासपोर्टवर शिक्का बसला. परसरामाचा शिक्का दहा वर्षांचा, आठ वर्षं अजून कोरा पडलेला. पण परसराम जायला तयार नव्हता.

"गुडघा धरते माहा," तो खाटेवरून म्हणाला.

"अजी, गुडघा धरते, तं मागच्या आठवड्यात आंधळगावच्या लग्नाले कोणाच्या गुडघ्यावर गेले होते?" वच्छलानं शेंगेतून नजर न काढता विचारलं.

"बकरी कोण पायन?"

"बकरी मी पायतो," घनश्याम म्हणाला. तो सोलत कमी होता, खात जास्त होता.

"तू तुही म्हैस सांभाळ आधी."

रत्नमाला हसली. थोरली लेक ती, भावजयीच्या पाठवणीला कालच वरठीहून आली होती. नवरा जागेश्वर लोखंडाच्या कारखान्यात ड्यूटीवर, म्हणून एकटीच. तिनं दाण्यांचं सूप बाजूला सारलं. "बाबा, दोन वर्षं तुमी आमचे कान खाल्ले. पाण्यात नाव कशी पडते, किल्ला कसा चमकते. आता माय जाऊन राहिली, तं संगं जाऊन दाखवा ना तिले! मले तं कोणी नेत नाही. माहा नंबर लागला असता, तं मी गुडघा घरी ठेवून गेली असती."

"ताई, पुढच्या वेळी तुलाच," अनुप म्हणाला.

"हाव, पुढच्या वेळी. तुह्या पुढच्या वेळेले आता दाढी आली."

"रत्ना, कायले जीव आटवतं," घनश्याम तोंडातला दाणा एका गालात सारत म्हणाला. "तुह्या बापाले जागेवरून हलवणं आजवर कोणाले जमलं नाही. तृप्ती पोरी, तुले ठाऊक नसन. आमी दोघंबी तलावाच्या तुडमावर होतो. तुडूम म्हणजे जिथून पाणी सुटते ते तोंड. पाणी सुटलं का रात्रंदिवस तिथी एक माणूस लागते काठी घेऊन, नाहीतं एकाचं पाणी दुसराच वळवते. अन् कायदा असा, का बदली आल्याबिगर बसलेला उठत नाही. बदलीवाल्यानं काठीले हात लावायचा, नाव घ्यायचं, अन् म्हणायचं, 'उठ, पाळी माही.' नाव कायले? अंधारात कोणीबी येऊन 'उठ' म्हणन अन् पाणी चोरून नेईन, म्हणून."

"हे मी ऐकलंय काका," तृप्ती म्हणाली. नागपूरची पोर ती. बोलणं शहराचं, कान मात्र गोष्टीवर.

"पुढचं नसन ऐकलं. एकडाव मी सासरच्या मंडईले गेलो, अन् दंडारीचा खेळ पायता पायता विसरलोच का माही बदली आहे. दीड दिवसानं आठवलं. धावत आलो. म्हणलं, हा उठून गेला असन. पायतो तं तसाच बसून! ओठ पांढरे, डोळे आत. म्हणलं, उठ बाबा, चुकलं माह्यं. तं म्हणते कसा, 'आधी नाव घे.'"

सगळे हसले. तृप्तीही हसली. परसराम तेवढा हसला नाही. तो कुडाला टेकवलेल्या जुन्या काठीकडे पाहत राहिला, जी आता वाळवणावरच्या कोंबड्या हाकलायच्या कामाची उरली होती.

त्याला बकरीची काळजी नव्हती आणि गुडघा ठणठणीत होता. खरी गोष्ट अशी, की खेळांच्या त्या बागेतला एकही खेळ परसरामानं पाहिला नव्हता. आणि हे पृथ्वीवर आपल्याशिवाय कुणालाच माहीत नाही, अशी त्याची समजूत होती.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये सकाळी नऊला ते फाटकातून आत शिरले. अनुपच्या ऑफिसची दहा-बारा मंडळी सोबत. समोर निळ्या टोकांचा किल्ला, त्याच्यापुढे चौक, चौकात एक पसरट झाड, झाडाखाली बाक. "बाबा, या खेळांत तुम्हाला चक्कर येईल," तृप्ती म्हणाली होती. "इथे सावलीत बसा. आमच्यापैकी कुणीतरी थोड्या वेळानं येईलच. इथून हलू नका हं, हरवाल." तिनं त्याच्या मांडीवर सगळ्यांच्या जॅकेटांची पिशवी ठेवली, पाण्याची बाटली दिली, पावाचं एक पाकीट दिलं.

परसराम बसला.

दहा वाजले, अकरा वाजले. पाव संपला. झाड डाव्या हाताला होतं, त्यामुळे बारापर्यंत सावली होती. मग सावली त्याच्या मांडीवरून उतरली, बाकाखाली गेली आणि मागच्या भिंतीकडे निघून गेली. ती जाऊ शकत होती, तिला कुणी बसवलं नव्हतं. किल्ल्यासमोरून बिनधुराची छोटी रेल्वे दर अर्ध्या तासानं जायची, दोनदा शिट्टी मारायची. भिंतीपलीकडून आधी किंकाळ्या यायच्या, मग पाण्याचा छपाका. तीन वाजता बाजा वाजवत मिरवणूक आली. परसराम उभं राहून पाहणार होता, पण उभं राहिलं तर जागा सोडल्यासारखं होईल, म्हणून त्यानं माणसांच्या पाठी पाहिल्या.

चारच्या सुमारास भिंतीतलं एक दार उघडलं आणि एक अस्वल येऊन त्याच्या बाजूला बसलं. अस्वलानं स्वतःचं डोकं काढून मांडीवर ठेवलं. आत वीस-बावीस वर्षांची एक पोरगी, घामानं केस कपाळाला चिकटलेले. ती काहीतरी बोलली. परसराम म्हणाला, "हाव." त्यानं बाटलीत उरलेलं पाणी तिच्यापुढे धरलं. ती सगळं प्यायली, हसली, डोकं घातलं आणि पुन्हा अस्वल होऊन गर्दीत गेली. सबंध दिवसात परसरामाशी बोललेलं ते एकच माणूस, आणि तेही अस्वल.

साडेसहाला अनुप एका बाजूनं आला, तृप्ती दुसऱ्या बाजूनं. दोघांनी आधी एकमेकांकडे पाहिलं.

"बाबांना तू नेलं होतंस ना जेवायला?"

"मी? मला वाटलं, दोन वाजता तू येणार होतास..."

दोघांचे चेहरे पडले. पोराचा पडलेला चेहरा परसरामाला कधीच बघवला नव्हता. दहावीच्या निकालाच्या दिवशीही तो उठून शेजाऱ्यांकडे जाऊन बसला होता. तो घाईघाईनं म्हणाला, "मी काही इथी बसून नव्हतो गा! आत्ता येऊन टेकलो. पूर्ण बाग फिरून आलो. ते नाव पडते ना, तिच्यातबी बसलो."

चेहरे उजळले. एवढ्या स्वस्तात त्यानं आयुष्यात कुणाला आनंद दिला नव्हता. आणि मग घरी आल्यावर वच्छला दारातच म्हणाली, "तुमी कबूल केलं होतं, माह्या वाटचंबी पाहून येईन म्हणून. सांगा आता." तेव्हा काय सांगणार? बाक? नावेतून पाळणा निघाला, पाळण्यावरून म्हैस दिसली. दोन वर्षांत बाग इतकी वाढली, की कधी कधी परसरामालाच वाटायचं, आपण तिथे हरवलो होतो.

आता वच्छला ती बाग पाहायला निघाली होती. सोबत जावं, तर तिला नेऊन दाखवायचं काय? न जावं, तरी ती तिथे जाऊन पाळणा शोधणार. त्याला भीती पकडलं जाण्याची नव्हतीच. पोरानं बापाला नऊ तास बाकावर विसरलं, हे त्या आईला कळलं तर पोराच्या घरचा घास तिच्या घशाखाली उतरणार नव्हता. आणि पोराकडे जायचं एवढं एकच सुख तिच्या वाट्याला आलं होतं.

"अनुप, तो नकाशा आण बरं," वच्छला म्हणाली. तिनं हात पदराला पुसले आणि कमरेला खोचलेली वही काढली. प्रौढ वर्गात शिकलेली तिची अक्षरं एकेक चिमणीएवढी. रोज संध्याकाळी नवरा जे सांगायचा ते ती वहीत उतरवून ठेवायची. वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलं होतं: पायचं अन् करायचं.

"आई, ते मोबाइलवर..." अनुप म्हणाला.

"मोबाइलवर दाणे रायत नाही. कुठून कुठं किती चालणं पडते ते मले पायचं आहे. मी वाचीन, तू जागा सांग, रत्ना दाणा ठेवन."

अनुपनं बागेचा मोठा कागदी नकाशा खाटेसमोर पसरला. परसराम खोकला. "उन्हानं रंग उडन त्याचा."

"उडू द्या. वाचतो मी. 'किल्ला. निळे टोकं. सूर्य डाव्या टोकावरून निघते अन् उजव्या टोकावर जाते.'"

"हा किल्ला," अनुपनं बोट ठेवलं. रत्नमालानं पहिला दाणा ठेवला.

"'छोटी रेल्वे. धूर नाही. दोन शिट्ट्या.'"

"ती सबंध बागेला फेरी मारते. पण किल्ल्यासमोरून जाते, इथून." दाणा.

"'बदकं. माणसाच्या पायापाशी येऊन पाव खातात.'"

"हा हौद, चौकातला." दाणा.

"'मिरवणूक. गोऱ्या माणसाईच्या पाठी लय रुंद.'" वच्छला थांबली, पुढे वाचू लागली. "'नाव. आधी बाया किरकतात, मंग छपाक.'"

"ही भिंतीपलीकडे. चौकाला लागूनच."

"अजी, नावेत माणसं किती बसतात?"

"लय बसतात," परसराम म्हणाला.

"लय म्हणजे? तुमी तं म्हशीचे शिंगं मोजले होते तिथून."

"पडता पडता मोजणं होते का?"

घनश्याम खो खो हसला. वच्छला हसली नाही. "आता पाळणा. कुठी ठेवायचा दाणा?"

अनुपनं नकाशावरून बोट फिरवलं. एकदा, पुन्हा एकदा. "पाळणा या बागेत नाहीये, आई."

"काढून टाकला असन," परसराम म्हणाला. "गंजला असन."

"अन् मंग माही म्हैस कुठून दिसली?" घनश्याम उसळला. जणू त्याची म्हैसच कुणी नकाशावरून पुसून टाकली होती.

तृप्ती दाण्यांकडे पाहत होती. तिला आधी वाटलं, ऊन डोळ्यांवर येतंय. दाणे नकाशाभर पसरायला हवे होते. ती बाग चालून चालून तिच्या पायांना फोड आले होते. एका टोकाला डोंगर, दुसऱ्या टोकाला समुद्रातले प्राणी, तिसरीकडे अंधाराचा बोगदा. बाबांच्या गोष्टींत बोगदा नव्हता, प्राणी नव्हते. सगळे दाणे एका बशीएवढ्या जागेत गोळा झाले होते आणि त्यांच्या मधोमध एक हिरवं झाड छापलं होतं.

इथे सावलीत बसा. इथून हलू नका हं.

त्या संध्याकाळी तिनं पिशवी उचलली, तेव्हा जॅकेटांच्या घड्या सकाळी घातल्या होत्या तशाच होत्या. तिनं ते पाहिलं होतं. बाग फिरून आलेल्या माणसाच्या पिशवीतल्या घड्या अशा राहत नाहीत, हे तिला त्याच क्षणी कळलं होतं आणि तिनं ते कळू दिलं नव्हतं. परक्या देशात तीही दिवसच्या दिवस एका खिडकीशी बसलेली असायची. फोनवर आई विचारायची, "कशी आहेस?" आणि ती सांगायची, "मजेत. इतकं फिरतो ना आम्ही!" खोट्याचा तो सूर तिला चांगला ओळखता येत होता. म्हणूनच तिनं बाबांना कधी दुसरा प्रश्न विचारला नाही.

"आई, राहू द्या ना," ती म्हणाली. "तिथे गेल्यावर बघू."

वच्छलानं वही मिटली नव्हती. पन्नास वर्षं तिनं धानाची रोवणी केली होती. भाताच्या बांधीत पाऊल न टाकता नुसत्या काठच्या धुऱ्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला किती चिखल दिसतो आणि किती दिसत नाही, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिला आठवला परसरामाचा कान. अमेरिकेहून आला तेव्हा उजवा गाल आणि उजवा कान भाजून सोलला होता, डावा जसाच्या तसा. तिनं आठ दिवस खोबरेल लावलं. तो म्हणाला होता, "तिथला सूर्य एकाच बाजूनं तापते वच्छला, अमेरिका आहे ते." आणि ती हसली होती. तेही वहीत लिहून ठेवलं होतं तिनं, चौथ्या पानावर.

तिनं झाडावर बोट टेकवलं. "अनुप, याच्या खाली काय आहे?"

"बाक आहे आई. आम्ही बाबांना तिथेच..." अनुपचं वाक्य तोंडातच राहिलं. त्यानं दाणे पाहिले. मग बापाकडे पाहिलं.

"बाबा, तुम्ही फिरला होतात ना?"

"फिरलो ना गा."

"कुठे?"

परसरामानं तोंड उघडलं. ज्या तोंडानं एसटी थांबवली होती, त्या तोंडाला एक गल्ली सुचेना. "मले झोप लागली होती थोडी," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं खोटं उचलायला कुणी पुढे आलं नाही. ते तसंच आंगणात पडून राहिलं.

रत्नमाला उठली. शेंगांची टरफलं तिच्या मांडीवरून सांडली. "माह्या बापाले बाकावर बसवून तुमी खेळ पाहून राहिले होते? दिवसभर? तृप्ती, तुह्या बापाले बसवलं असतं का असं?"

"ताई, माझं चुकलं..."

"तृप्ती, तू म्हणाली होतीस की तू बघशील," अनुप म्हणाला.

तृप्तीनं मान वर केली. सांगावं की नाही, असं क्षणभर तिला झालं. मग वाटलं, या घरात आता झाकण्यासारखं उरलं तरी काय? "मी म्हणाले होते, दोन वाजता तू जा. तू मान हलवली होतीस. तू मित्रांसोबत रांगेत होतास, अनुप. आणि मी तुला पुन्हा विचारलं नाही, कारण मलाही ती रांग सोडायची नव्हती."

अनुप नकाशाची एक मुडपलेली कड सरळ करत राहिला. ती सरळ झाली तरी करत राहिला. शेवटी कळवळून म्हणाला, "पण बाबा, उठून यायचं ना! कुणाला तरी विचारायचं! नऊ तास... पाणी तरी..."

"कोणाले दोष नका देऊ गा," परसराम म्हणाला. त्याला खरोखर कळत नव्हतं, यात समजावून सांगण्यासारखं काय आहे. "मले बसवलं होतं. बदली आली नव्हती ना."

घनश्यामाच्या तोंडातला दाणा चावायचा राहिला.

बकरीलाही ओशाळल्यासारखं झालं आणि तिनं चघळणं थांबवलं. रत्नमाला परत बसली, पण भावाकडे पाठ करून. तृप्ती टरफलं गोळा करू लागली. सहा माणसं एका उन्हात बसली होती आणि प्रत्येकाचा बाक वेगळा होता.

परसरामानं वच्छलाकडे पाहिलं नाही. आता ती म्हणणार, मी जात नाही. वही चुलीत जाणार. हेच टाळायला त्यानं दोन वर्षं पाळणा फिरवला होता.

वच्छला नकाशावरचे दाणे एकेक करून उचलत होती. सगळे उचलून तिनं ओच्यात टाकले. मग ती उठली, कुडापाशी गेली आणि ती काठी घेऊन आली.

"घनश्यामभाऊ, बदली देताना काठी कोणत्या हातानं धरत होते?"

"उजव्या, वहिनी," घनश्याम म्हणाला आणि खाटेवरून पाय खाली घेऊन सावरून बसला.

वच्छला खाटेसमोर उभी राहिली. एक्कावन्न वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याला "अजी" म्हटलं होतं, "ऐकता का" म्हटलं होतं, "अनुपचे बाबा" म्हटलं होतं. रेशन दुकानात नाव विचारलं तर ती कार्डच पुढे करायची. काचेपलीकडच्या साहेबानं पहिल्यांदा विचारलं, तेव्हाही ती कागदावरच बोट ठेवत राहिली होती. तिनं काठीचं दुसरं टोक परसरामाच्या हाताला लावलं.

"परसराम," ती म्हणाली. आवाज कोरड्या रहाटासारखा निघाला, म्हणून तिनं घसा साफ केला आणि पुन्हा नीट म्हटलं. "परसराम. उठ. पाळी माही."

परसराम तिच्याकडे पाहत राहिला.

"मी त्या झाडाखाली बसीन," वच्छला म्हणाली. "सगळ्याईच्या पिशव्या घेऊन. अन् हे नावेत बसून येतील. माणसं मोजून येतील. अनुप, तुह्या बापाचं तिकीट काढ. नाही मिळालं, तं मिळन तोपर्यंत माह्यंबी थांबव."

"काढतो आई," अनुप म्हणाला. त्याचा चेहरा पडलेला होता, आणि यावेळी तो उचलायला परसराम धावला नाही.

कारण परसराम उठत होता. आधी एक हात खाटेच्या माच्यावर, मग दुसरा काठीवर. गुडघे वाजले. उभा राहून तो जरा डुलला, जसा बराच वेळ एका जागी बसलेला माणूस डुलतो. मग तो नेमकं काय मागावं हे न कळल्यासारखा चौफेर बघू लागला आणि म्हणाला, "तहान लागली गा."

तृप्ती धावली. तिनं आणलेला गडू त्यानं उभ्या उभ्याच वर केला आणि खाली ठेवला तेव्हा तो रिकामा होता. तिनं पुन्हा भरून आणला, तोही संपला. त्या दुपारी परसराम अख्खा रांजण प्यायला आणि आसगावच्या तलावाचं पाणी चार बोटं उतरलं, असं मी म्हणतो. रत्नमाला म्हणते, दोन गडू. ती तिथे होती, त्यामुळे तिचं खरं धरा. पण मधे श्वास घ्यायला तो एकदाही थांबला नाही, एवढं तिलाही कबूल करावं लागतं.